'कितने आदमी थे?' पण विचारलं कोणाला?

तर झालं असं. मागच्या हिवाळ्यात मावसभावाच्या लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही पंधरा-एक जण कार्यालयाच्या गच्चीवर बसलो होतो. कुणाची मेंदी वाळत होती, कुणाचा चहा गार होत होता, आणि सिनेमा-मालिकांवरची प्रश्नमंजुषा ऐन रंगात आली होती. आमच्याकडे हा खेळ दर कार्याला होतो. 'अशी ही बनवाबनवी' ज्या हिंदी सिनेमावर बेतलाय तो कोणता? ('बीवी और मकान', १९६६.) साराभाईंच्या मोनिशाचं माहेरचं नाव काय? (मनीषा. ते बदललं अर्थातच सासूबाईंनी, म्हणजे मायाने.) हरणाऱ्या गटाने सकाळी सगळ्यांना पोहे वाढायचे, अशी पैज होती.

प्रश्न मी काढत होते. त्यातला एक असा: 'शोले'मध्ये गब्बर 'कितने आदमी थे?' हे कोणाला विचारतो?

नंदामावशी लगेच म्हणाली, "कालियाला ना गं? तो आपला विजू खोटे."

मी हसले. बाकीचेही हसले. कोणीतरी गब्बरचा आवाज काढून "अरे ओ सांभा, कितने आदमी थे?" म्हणून दाखवलं. मी म्हटलं, "मावशी, हे तर अख्ख्या देशाला पाठ आहे." तिने दोन क्षण सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "असेल बाई सांभा. तुझं तर शिक्षणच आठवणींचं आहे."

सकाळी पोहे तिच्या गटाने वाढले.

माझं शिक्षण खरोखरच आठवणींचं आहे. माणसाची स्मृती कशी बनते आणि कशी बदलते, यावर मी पीएचडी करते आहे. म्हणूनच पुढे जे कळलं ते जास्त लागलं. आठवडाभराने हॉस्टेलवर परतल्यावर सहज तो प्रसंग काढून पाहिला. मावशी बरोबर होती. गच्चीवरचे बाकी सगळे, माझ्यासकट, चूक होतो.

सिनेमात नेमकं काय आहे?

रामगडहून मार खाऊन परतलेले तीन डाकू गब्बरसमोर उभे आहेत. त्यांत कालिया आहे. 'कितने आदमी थे?' हा प्रश्न त्या तिघांना आहे आणि उत्तर देतो कालिया. सांभा वर खडकावर बंदूक घेऊन बसलाय. त्याला गब्बर हाक मारतो ती थोड्या वेळाने, आणि विचारतो ते आपल्या डोक्यावर सरकारने किती इनाम लावलंय ते. दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी माणसं.

लोकांच्या तोंडी मात्र या दोन ओळींची एक ओळ झाली आहे. पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याची हाक चिकटली. नकलाकार हेच म्हणतात, विनोदी कार्यक्रमांत हेच ऐकू येतं, आणि आपण 'शोले' कितीदाही पाहिला असला तरी आपल्याला हेच 'आठवतं'.

असं का होतं? आणि एका खऱ्या आठवणीला पंधरा जण मिळून कसं हरवू शकतात? आज हेच समजून घेऊ.

आठवण म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे

फ्रेडरिक बार्टलेट नावाचे केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ होते. १९३२ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातला एक प्रयोग आजही आमच्या विषयात पहिल्याच वर्षी शिकवतात. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती आठवून लिहायला लावली. काही वेळा एकाने लिहिलेली गोष्ट दुसऱ्याला वाचायला दिली, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी साखळी केली. आपला कानगोष्टींचा खेळ, पण कागदावर.

गोष्ट दर वेळी लहान होत गेली. जे विचित्र होतं ते गळालं किंवा ओळखीचं झालं. मूळ कथेतली कनू साधी होडी झाली, सीलची शिकार साधी मासेमारी झाली. बार्टलेट यांचं म्हणणं असं, की आठवताना आपण साठवलेली वस्तू बाहेर काढत नाही, ती दर वेळी नव्याने जुळवतो. जुळवताना हाताशी असतं ते आधीचं ज्ञान, सवय आणि 'असंच असणार' हा अंदाज.

आता 'शोले'ला हे लावून बघा. 'कितने आदमी थे?' ही तीन शब्दांची ओळ प्रसंगाबाहेर काढली तर तशी साधीच आहे. बसचा कंडक्टरही विचारेल. ती गब्बरची आहे हे ऐकणाऱ्याला पटकन कळावं म्हणून नक्कल करणारा 'अरे ओ सांभा' पुढे जोडतो. दोन्ही ओळी एकाच प्रसंगातल्या, एकाच माणसाच्या, एकाच सुरातल्या. त्यामुळे जोड दिसतही नाही.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या १९८० च्या सिनेमात डार्थ व्हेडर नायकाला आपण त्याचे वडील असल्याचं सांगतो. जगभरचे चाहते ती ओळ 'ल्यूक' या नावाने सुरू करतात. सिनेमात त्या वाक्यात ल्यूकचं नावच नाही. तिथेही तेच झालं: ओळ सिनेमाबाहेर पडली आणि ओळख पटवायला नाव सोबत घेऊन निघाली.

पण मावशीचं काय?

ओळ कशी बदलली हे झालं. मला जास्त छळत होतं ते वेगळंच. मावशीला खरं आठवत होतं. तिने 'शोले' शाळेत असताना टॉकीजमध्ये पाहिला, आणि मग गणपतीच्या मांडवात त्याच्या संवादांची रेकॉर्ड वाजायची ती रोज ऐकली. शिवाय विजू खोटे मराठी, शुभा खोटेंचे भाऊ, त्यामुळे 'आपला माणूस' म्हणून तिचं लक्ष त्याच्याकडे जास्त. एवढी पक्की आठवण अर्ध्या मिनिटात डळमळली.

याचं उत्तर २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात सापडतं. मायका एडलसन, टाली शॅरट, रेमंड डोलन आणि यादिन दुदाई यांचा हा प्रयोग. लोकांना पाच-पाचच्या गटात एक माहितीपट दाखवला. काही दिवसांनी प्रत्येकाची एकेकट्याने परीक्षा घेतली: कोण काय बोललं, कोणी काय घातलं होतं वगैरे. त्यानंतर त्यांना एमआरआय यंत्रात ठेवून तेच प्रश्न पुन्हा विचारले, पण या वेळी सोबतच्या चौघांची उत्तरंही पडद्यावर दिसत होती. गंमत अशी की ती उत्तरं बनावट होती. काही प्रश्नांना चौघांचंही उत्तर मुद्दाम चुकीचं दाखवलं होतं, आणि ते प्रश्न असे निवडलेले की ज्यांची उत्तरं त्या व्यक्तीने आधी खात्रीने बरोबर दिली होती.

निकाल काय? अशा प्रश्नांपैकी जवळजवळ ७० टक्के वेळा लोकांनी आपलं बरोबर उत्तर सोडून गटाचं चुकीचं उत्तर दिलं.

तुम्ही म्हणाल, संकोचाने दिलं असेल. चारचौघांत कोण वाद घालतंय? आपण नाही का साहेबांच्या हो ला हो म्हणत! संशोधकांनाही हीच शंका होती. म्हणून काही दिवसांनी त्यांनी त्याच लोकांना पुन्हा बोलावलं, ती उत्तरं खरी नव्हती हे स्पष्ट सांगितलं आणि एकेकट्याला पुन्हा विचारलं. आता दडपण नाही, लाज नाही. बहुतेक वेळा लोक आपल्या मूळ उत्तरावर परतले. पण जिथे ते गटाला बळी पडले होते, त्यातल्या साधारण ४० टक्के वेळा चूक तशीच राहिली. म्हणजे हे नुसतं तोंडदेखलं 'हो' नव्हतं, आठवणच बदलली होती. अशा टिकलेल्या चुकांच्या वेळी मेंदूत हिप्पोकॅम्पस (आठवणी घडवणारा भाग) आणि अमिग्डाला (भावना आणि सामाजिक गोष्टींशी जोडलेला भाग) यांचं काम एकमेकांशी जास्त जुळलेलं दिसलं. हीच चुकीची उत्तरं माणसांची न सांगता संगणकाची म्हणून सांगितली, तेव्हा परिणाम कमी झाला. थोडक्यात, आपल्याला बदलतं ते उत्तर कमी आणि 'आपली माणसं असं म्हणतात' हे जास्त.

मी मावशीला फोन केला. म्हटलं, "मावशी, तू बरोबर होतीस. कालियाच. मी चुकले."

ती हसली. म्हणाली, "अगं असू दे. पण गंमत सांगू? आता डोळ्यांपुढे आणलं ना, तर मला सांभाच दिसतो. वर बसलेला. कालिया दिसतच नाही."

हे वाक्य ऐकून मला कसंतरीच झालं. प्रयोगातले ४० टक्के मी तोवर आलेखातच पाहिले होते.

मग हा खेळ वाईट का?

मुळीच नाही. उलट अशा फुटकळ माहितीत मेंदूला खरोखर रस असतो, याचेही पुरावे आहेत. मथियास ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना असेच सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले. कोणत्या प्रश्नाचं उत्तर जाणून घ्यायची किती उत्सुकता आहे, हे आधी विचारून घेतलं. मग यंत्रात प्रश्न दाखवायचा, १४ सेकंद थांबायचं आणि उत्तर दाखवायचं. ज्यांची उत्सुकता जास्त होती ती उत्तरं नंतर साधारण ७० टक्के आठवली, कमी उत्सुकतेची साधारण ५४ टक्के. वाट पाहण्याच्या त्या १४ सेकंदांत मेंदूतली डोपामिनशी निगडित यंत्रणा जास्त जागी झालेली दिसली, म्हणजे काहीतरी गोड मिळणार असेल तेव्हा जागी होते तीच.

याहून मजेशीर भाग पुढे आहे. त्या थांबण्याच्या वेळात मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवला जायचा, प्रश्नाशी काही संबंध नसलेला. उत्सुकता ताणलेली असताना दिसलेले चेहरेसुद्धा लोकांना थोडे जास्त लक्षात राहिले. गच्चीवरच्या रात्रीतलं मला प्रश्नांव्यतिरिक्त कितीतरी आठवतं: काकूच्या शालीचा रंग, कपबशांचा आवाज. त्यामागे हेच असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण दिशा तीच.

गट करून आठवण्यात मात्र एक मेख आहे. तीन माणसांनी एकत्र बसून एखादी यादी आठवली, तर एकट्यापेक्षा जास्त आठवते हे खरं. पण तिघांनी वेगवेगळं बसून लिहिलं आणि मग तीन कागद एकत्र केले, तर त्याहूनही जास्त निघतं. वेल्डन आणि बेलिंजर यांनी १९९७ मध्ये हे दाखवलं आणि त्यानंतर ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कारण समजायला सोपं आहे. प्रत्येकाची आठवायची वाट वेगळी असते. मी 'बनवाबनवी' प्रसंगांच्या क्रमाने आठवते, माझा भाऊ गाण्यांवरून आठवतो. त्याने मध्येच इस्तंबूलचा विषय काढला की माझी वाट तुटते, आणि पुढचे दोन प्रसंग ओठांवर आलेले परत जातात. (फायदाही आहे. असं एकत्र बोललेलं पुढे एकट्याने आठवायला सोपं जातं. फक्त जे बोललं गेलं तेच.)

आणि अर्थ लावण्याची भांडणं

आतापर्यंत माहितीचं झालं. पण चाहते फक्त माहितीवर थांबत नाहीत. 'साराभाई वर्सेस साराभाई'वरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझी आई मोनिशाच्या बाजूची: तिच्या मते ही मालिका कफ परेडच्या तोऱ्याला हसते. काकू मायाच्या बाजूची: तिच्या मते मालिका आपल्या चिंधीचोरीला हसते, आणि मायाचे टोमणे म्हणजे कलाच आहे. दोघी एकाच सोफ्यावर बसून एकाच प्रसंगाला खळखळून हसतात, पण वेगळ्या माणसाला.

हे नुसतं मतभेद म्हणून सोडू नका. यारा येशुरुन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली सॅलिंजरच्या एका कथेवर असा प्रयोग केला. कथेत रात्री उशिरा एक नवरा मित्राला फोन करतो, बायको घरी आली नाही म्हणून. मित्राच्या शेजारी एक बाई आहे. ऐकण्याआधी निम्म्या लोकांना सांगितलं, की ती बाई त्याचीच बायको आहे. उरलेल्यांना सांगितलं, की नवरा उगाच संशय घेतोय, ती मित्राची मैत्रीण आहे. मग सगळ्यांना एकच ध्वनिफीत ऐकवली. शब्द न् शब्द सारखा. तरी गोष्टीचा अर्थ जोडणाऱ्या मेंदूच्या भागांत एकाच गटातल्या लोकांचे प्रतिसाद एकमेकांशी जुळले, दुसऱ्या गटाशी कमी जुळले. सुरुवातीच्या चार वाक्यांनी एकाच गोष्टीच्या दोन गोष्टी केल्या.

म्हणजे आई आणि काकू एकच भाग बघतात हे तितकंसं खरं नाही. आणि म्हणूनच एखाद्याने आपल्या लाडक्या मालिकेचा नवा अर्थ सांगितला, की तीच मालिका पुन्हा बघावीशी वाटते. माहितीचा प्रश्न सिनेमा लावून सोडवता येतो, अर्थाचा तसा सुटत नाही. तिथे बहुमत कितीही मोठं असलं तरी निकाल देऊ शकत नाही. आपली चूक अशी होते, की माहिती मतदानाने ठरवतो आणि अर्थासाठी पुरावे मागत बसतो.

तर मग खेळायचं कसं?

वरचे प्रयोग छोट्या गटांवर, प्रयोगशाळेत झालेले आहेत. गच्ची म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. तरीही त्यातून मी काही साध्या गोष्टी उचलल्या.

पहिलं, उत्तर ओरडण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं. वेगवेगळं लिहून मग एकत्र करायचं. दोन मिनिटं जातात, पण दुसऱ्याचं उत्तर आपल्या आठवणीत शिरायच्या आधी आपलं आपल्या हातात राहतं.

दुसरं, जो सगळ्यांत हळू बोलतो त्याला आधी विचारायचं. आणि जो 'तज्ज्ञ' आहे त्याने शेवटी बोलायचं. हे मी स्वतःसाठी लिहिते आहे.

तिसरं, 'बरोबर की चूक?' यापेक्षा 'तुला हे कुठून आठवतं?' हे विचारायचं. सिनेमात पाहिलं, नकलेत ऐकलं, की कोणी सांगितलं? मावशीला त्या रात्री एवढं विचारलं असतं तर तिने टॉकीज, मांडव, रेकॉर्ड, सगळं सांगितलं असतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? एका नकलाकाराचा कार्यक्रम.

आणि चौथं, वाद झालाच तर प्रसंग लावून बघायचा. लगेच. आठवडाभराने नाही.

हे सगळं एका सिनेमाच्या ओळीसाठी जरा जास्तच वाटेल. पण याच रीतीने आपण घरातल्या भांडणांच्या आठवणी जुळवतो, गेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगतो. अपघात पाहिलेले चार जण पोलीस येईपर्यंत आपसात बोलत उभे राहतात, तेव्हाही हेच घडत असतं. तिथे मात्र लावून बघायला सिनेमा नसतो.

संक्रांतीला मी मावशीकडे गेले. तिळगूळ झाल्यावर दोघींनी 'शोले' लावला. तो प्रसंग आला. कालियाचं उत्तर येताच मावशीने माझ्या हातावर जोरात चापट मारली: "बघ! म्हणत नव्हते मी?"

आता तिला पुन्हा कालिया दिसतो, असं ती म्हणते. ती आठवण टॉकीजमधली की संक्रांतीची, हे मी विचारलं नाही. पुढच्या कार्याला पोहे मात्र मी वाढणार आहे. तेवढं ठरलंय.